साधन मिळाले, पण दुरुस्तीचे काय?

पाण्याचा पंप बंद पडला, तर शेतकरी त्याच दिवशी मिस्त्री गाठतो. पण म्हाताऱ्या आईच्या कुबडीचे रबर झिजले किंवा अपंग भावाच्या तीनचाकी सायकलीची साखळी तुटली, तर ते साधन महिनोन्‌महिने गोठ्यात पडून राहते आणि माणूस पुन्हा खाटेला खिळतो. आमच्या मते अपंगांच्या व वृद्धांच्या साधनांचा खरा प्रश्न हाच आहे.

साधने आपल्या देशात बनतात. सरकारने १९७२ साली कानपूरला 'एलिम्को' हा कृत्रिम अवयवांचा कारखाना स्थापन केला. आपल्या मध्य प्रदेशात जबलपूरलाही त्याचे केंद्र आहे. १९८१ पासून अपंगांसाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे. २०१७ साली गरीब घरांतील साठीपुढच्या मंडळींसाठी 'राष्ट्रीय वयोश्री योजना' आली. तीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची मिळते. हे काम मोठेच आहे. पण शिबिर एका दिवसाचे, आणि साधनाची गरज रोजची.

जयपूर पायाचे उदाहरण घ्या. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी तो घडवला. परदेशी धर्तीच्या पायाला बूट लागे. आपला शेतकरी तर अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, उकिडवा बसतो. त्याची ही राहणी पाहून रबराचा पाय बनला, म्हणून तो वापरात राहिला. साधन माणसाच्या कामाला जुळले पाहिजे आणि जवळपास दुरुस्त झाले पाहिजे, हा त्यातला धडा होय.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम. खरे आहे, दुरुस्तीची सोय तहसीलीपर्यंत यावी, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण कुबडीचे रबर बदलायला सरकार कशाला हवे? बाजारहाटाला लष्करात, दौलतगंजात येताना ते साधन बैलगाडीत, ट्रॅक्टरवर टाकून आणावे. पंक्चर, साखळी, ब्रेक ही कामे सायकलवाला करील. पट्टा मोची शिवील. कृत्रिम पाय आणि श्रवणयंत्र मात्र जाणकारालाच दाखवावे.

घरी एवढे पाहावे. हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाशी यावी. कुबडीचा माथा काखेच्या दोन-तीन बोटे खाली असावा आणि भार हातांवर घ्यावा. कृत्रिम पाय वापरणाऱ्याने रोज रात्री खुंटाची कातडी तपासावी. फोड आला असेल, तर बरा होईपर्यंत पाय चढवू नये.

धर्मग्रामातील तरुणांनी घरोघरी जाऊन पडून असलेल्या साधनांची यादी करावी. महिन्यातून एका रविवारी मिस्सा झाल्यावर ती तपासावीत. खर्च थोडा आहे. पण त्यामुळे एखादा म्हातारा स्वतःच्या पायांनी शेताच्या बांधापर्यंत जाईल.