मेंदूचा आलेख म्हणजे भगताचे प्रमाणपत्र नव्हे

अ‍ॅमेझॉनच्या जंगलातील आदिवासी एक वेल आणि एका झुडपाची पाने उकळून 'आयाहुआस्का' नावाचा काढा करतात आणि रात्रभराच्या विधीत तो पितात. आता शास्त्रज्ञ हा काढा पिणाऱ्यांच्या मेंदूचे मोजमाप करत आहेत. या बातम्या मोबाईलवर येतात आणि आपले काही तरुण त्यातून दोन अर्थ काढतात. एक, जुन्या विधींत विज्ञान होतेच. दोन, ध्यानाला वर्षे घालवायची गरज नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात काम करणाऱ्या आम्हाला हे दोन्ही अर्थ धोक्याचे वाटतात.

मोजले काय?

त्या पानांत डीएमटी हे रसायन असते. एरवी ते पोटातच निष्प्रभ होते. वेलीतील द्रव्ये ती क्रिया रोखतात, म्हणून ते मेंदूपर्यंत पोहोचते. हा काढा घेतल्यावर मेंदूतील एका विशिष्ट जाळ्याचे काम मंदावते, असे ब्राझीलमधील संशोधकांनी 2015 मध्ये एमआरआय तपासणीतून दाखवले. रिकामे बसल्यावर 'मी, माझे, माझे कसे होईल' हे विचार फिरत राहतात, त्यांच्याशी जोडलेले हे जाळे. अनुभवी ध्यानसाधकांत हेच जाळे शांत असल्याचे येल विद्यापीठाच्या संशोधकांना 2011 मध्ये आढळले होते.

2019 मध्ये ब्राझीलमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधांनी बरे न झालेल्या नैराश्याच्या 29 रुग्णांवर ती झाली. सात दिवसांनी काढा घेतलेल्यांपैकी 64 टक्के, तर नकली काढा घेतलेल्यांपैकी 27 टक्के रुग्णांत ठळक सुधारणा दिसली. पण हे सारे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, निवडून घेतलेल्या रुग्णांवर झाले.

2021 चा मास्ट्रिख्ट विद्यापीठाचा अभ्यास आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो. आयाहुआस्काच्या शिबिरांत आलेल्या 30 जणांपैकी 14 जणांना खरा काढा दिला, 16 जणांना नकली. विधी तोच, गाणी तीच, सोबतही तीच. नैराश्य, चिंता आणि ताण दोन्ही गटांत कमी झाला आणि त्यात फरक आढळला नाही. अभ्यास लहान आहे, पण प्रश्न मोठा आहे. माणसाला बरे काय वाटायला लावते? वनस्पती, की आपल्यासाठी रात्रभर जागणारी माणसे?

आपल्या तालुक्यात

भिंगारा, चाळीसटापरीसारख्या डोंगरातल्या गावांत कोणी बरळू लागले, जेवणखाण सोडले, की आधी भगत आठवतो. तो जवळ असतो, घरच्यांसोबत बसतो, सगळे विचारतो. याला केवळ अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धेच सत्य आहे. आपल्या जिल्ह्यातल्या सैलानीला सर्व जातीधर्मांचे लोक मनोरुग्ण घेऊन जातात. धम्म स्वीकारलेली आपलीही काही घरे गुपचूप जातात. हे झाकून उपयोग नाही.

मात्र भगत धीर देतो म्हणून त्याचे निदान खरे ठरत नाही. रसायनाने मेंदू बदलतो, एवढेच यंत्र सांगते. भूत होते, देवी आली, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळदंडात ठेवण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही बंदी आहे.

अॅमेझॉनची नक्कल म्हणून धोत्र्याचे प्रयोग तर कोणी करूच नयेत. धोत्रा विष आहे. त्याने भ्रम होतो आणि जीवही जाऊ शकतो. मोहाच्या दारूत अल्कोहोलपलीकडे काही गूढ नाही. डीएमटी तर 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानुसार प्रतिबंधित आहे.

अनत्ता काढ्यात मिळत नाही

चार तास 'मी' विरघळला म्हणजे अनत्ता कळला, असे नाही. यंत्रावरचे आलेख सारखे दिसले तरी वाट एक होत नाही. पाचवे शील नशेला नकार देते, कारण नशेतून प्रमाद येतो. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. सजगता उसनी मिळत नाही, रोज कमवावी लागते.

मग करायचे काय?

भगताची जागा रिकामी करायची असेल तर ती कोणीतरी भरली पाहिजे. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात फक्त ऐकण्यासाठी ठेवा. कोणाचे दुःख गावभर होणार नाही, ही हमी द्या. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर लिहा. मानसोपचार मिळणे हा 2017 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. तेव्हा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाचा वार ठरवून तो जाहीर करा, अशी लेखी मागणी प्रत्येक शाखेने करावी. आणि रुग्णाला एकटे पाठवू नका, सोबत जा.

परदेशी शिबिरांतल्या त्या 16 जणांना औषध मिळाले नव्हते, सोबत मिळाली होती. तेवढी तर आपण उद्यापासून देऊ शकतो.

जय भीम!