गेम बंद पडला, मग गाणी कशी वाचली? कोरियाच्या 'डीजेमॅक्स'चा धडा

ऑनलाइन गेमचा सर्व्हर बंद झाला की सगळंच जातं. मिळवलेले गुण, पैसे मोजून घेतलेल्या वस्तू आणि गेममधलं संगीतही. दक्षिण कोरियातल्या 'डीजेमॅक्स' या मालिकेत मात्र वेगळं घडलं. तिची सुरुवात २००४ मध्ये 'डीजेमॅक्स ऑनलाइन'पासून झाली आणि २००८ मध्ये तो गेम बंद पडला. पुढे तो बनवणारी 'पेन्टाव्हिजन' ही कंपनीही राहिली नाही. त्या काळातली गाणी मात्र लोक आजही वाजवताहेत. हे कसं शक्य झालं?

हा गेम नेमका काय आहे?

'डीजेमॅक्स' हा रिदम गेम आहे. गाणं सुरू झालं की स्क्रीनवर वरून खाली पट्ट्या सरकतात. पट्टी खालच्या रेषेवर आली की नेमक्या क्षणी बटण दाबायचं. बटणं ४, ५, ६ किंवा ८. जितकी जास्त, तितकी बोटांची कसरत मोठी.

खरी गंमत आवाजात आहे. पियानोचा एखादा सूर किंवा ड्रमचा ठोका त्या बटणाला जोडलेला असतो. वेळ चुकली, तर तेवढा सूर गाण्यातून गायब होतो. म्हणून इथे गाणं फक्त ऐकलं जात नाही, ते बोटांत बसतं.

गाणी कशी टिकली?

२००६ मध्ये पीएसपीवर 'डीजेमॅक्स पोर्टेबल' आला, २००८ मध्ये गेमिंग पार्लरसाठी टचस्क्रीनचा 'टेक्निका'. मग २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ वर 'रिस्पेक्ट' आणि २०२० मध्ये पीसीवर 'रिस्पेक्ट व्ही'. यंत्रं बदलली, पण 'ऑब्लिव्हियन' किंवा फोर्टे एस्केप यांचं 'आस्क टू विंड' ही गाणी सोबत आली.

याचं मोठं कारण म्हणजे मालिकेचा कणा बाहेरून घेतलेली हिट गाणी नव्हे, तर गेमसाठीच रचलेलं संगीत आहे. त्यात जॅझ आहे, ट्रान्स आहे, रॉकही आहे. मालिका 'निओविझ'कडे राहिली आणि तिच्यासोबत गाणीही राहिली.

कोरियाचाच 'पंप इट अप' हा पायांनी खेळायचा गेम बघा. १९९९ पासून सुरू असलेल्या या मालिकेत परवाना घेऊन वापरलेली अनेक के-पॉप गाणी नंतरच्या आवृत्त्यांतून वगळली गेली. बेथोवनच्या सोनाटावरून 'बान्या' या गेमच्याच संगीत चमूने केलेलं 'बेथोवन व्हायरस' मात्र आवृत्तीमागून आवृत्ती वाजत राहिलं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण ग्राहकाची आहे. 'रिस्पेक्ट व्ही'मध्ये 'टेक्निका', 'ट्रिलॉजी', 'पोर्टेबल ३' यांची गाणी वेगळे पैसे देऊन घ्यावी लागतात. जुना गेम विकत घेतलेल्या चाहत्यालाही त्यात सूट नाही. जुनी गाणी नव्या यंत्रावर आणायला मेहनत लागते, त्यामुळे किंमत समजण्यासारखी आहे.

न पटणारी गोष्ट दुसरीच आहे. पीसीवर हा गेम खेळायला इंटरनेट लागतं. म्हणजे उद्या सर्व्हर बंद झाला, तर पैसे भरून घेतलेली शेकडो गाणी पुन्हा कंपनीच्या मर्जीवर. २००८ मध्ये जे घडलं, ते पुन्हा घडू शकतं; फक्त यावेळी ग्राहकाने पैसे जास्त मोजलेले असतील.

काय व्हायला हवं?

म्युझिक अ‍ॅपवरच्या प्लेलिस्टमधलं एखादं गाणं अचानक राखाडी दिसू लागतं, हा अनुभव अनेकांना आहे. महिन्याच्या वर्गणीत ते एक वेळ खपून जातं. पण 'विकत घ्या' असं लिहिलेल्या बटणावर पैसे भरल्यावर तसं होणं चुकीचं आहे.

सेवा बंद करताना गेम इंटरनेटशिवाय चालेल अशी शेवटची आवृत्ती देणं, एवढी अट कंपन्यांवर असायला हवी. कंपनीने गाणी एकदा वाचवली, हे कौतुकाचंच. पण पुढच्या वेळी ती वाचणं कंपनीच्या इच्छेवर अवलंबून असू नये.