मुका हेडफोन बोलता करा
हेडफोनचा एक कान मुका झाला कीं तो अडगळींत टाकून नवा विकत आणावयाचा, ही घाई आम्हांस अनाठायी वाटते. आंतील पडदा व चुंबक बहुधा शाबूत असतात. तुटलेली असते ती तार, आणि तीही प्लगच्या मुळाशीं, जेथें ती रोज वाकते.

१९१० सालीं अमेरिकेंतील युटा येथें नॅथानिएल बाल्डविन यांनीं आपल्या स्वयंपाकघरांत बनविलेले हेडफोन तेथील आरमारानें घेतले. तेव्हां हें काम घरांत होण्यासारखें नाहीं असें कोणीं म्हणूं नये.

प्लगपासून दोन बोटें वर तार कापावी. मोकळ्या टोकांस दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावतांच ‘टक्’ असा आवाज आला, तर तो कान जिवंत आहे असें समजावें. मग ३.५ मिलिमीटरचा, तीन भागांचा नवा प्लग आणावा. टोकास डावा कान, मधल्या कड्यास उजवा व मुळाशीं दोहोंची सामाईक तार जोडावी. तंतूंवर रोगण असल्यास तें खरवडल्यावांचून डाख धरत नाहीं. मुलांनीं हें काम वडील माणसांच्या देखरेखीखालीं करावें.

फाटलेली गादीही बदलावी. फटींतून खर्जाचे स्वर निसटतात, डग्गा ऐकूं येत नाहीं, आणि मनुष्य आवाज वाढवीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढांनीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये. तार पुन्हां जोडतां येते. आवाजानें गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं, हें घरांतील तरुणांनीं ध्यानांत ठेवावें.