सूर कोणाचा आणि सही कोणाची ?

पुणे-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर हे गाव बाहेरच्या माणसास दोन गोष्टींनी ठाऊक असते. एका अंगाला तेल कंपन्यांची साठवणगारे व टँकरांच्या रांगा. दुसऱ्या अंगाला, जेथे पूर्वी राज कपूर यांचा राजबाग मळा होता तेथे, कला आणि तंत्रज्ञान शिकविणारे विद्यापीठ. ह्या दोहोंच्या मध्ये आमच्या लोकांची वस्ती आहे. तेथील एका तरुणाने गेल्या वर्षभरात इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक अल्बम तयार केला. रात्री गोदामात पार्सले उचलावयाची आणि दिवसा जुन्या लॅपटॉपवर सूर जुळवावयाचे, असा त्याचा क्रम. एकंदर आठ रचना. शब्द एकाही रचनेत नाही. आता तो प्रसिद्ध करण्याची वेळ आली, आणि एका कंपनीने त्याच्यापुढे एक कागद ठेवला आहे. काही हजार रुपये एकरकमी घ्यावेत आणि सर्व हक्क कायमचे लिहून द्यावेत, असा त्याचा आशय. ह्या कागदावर सही करावी की न करावी, हा प्रश्न त्याने आम्हांस विचारला. प्रश्न एकट्याचा नाही, म्हणून त्याचा विचार येथे जाहीरपणे करीत आहोत.

परंतु त्याच्या घरात ह्याहून जुना एक प्रश्न उभा राहिला आहे. ह्या अल्बममधील दोन रचनांत हलगीचा ठेका आहे. तो ठेका आजोबांच्या हलगीचा. आजोबांनी धर्मांतरानंतर ती हलगी खुंटीला अडकविली ती पुन्हा कधी काढली नाही. गावच्या लग्नात वाजवावयाची, मयतीपुढे वाजवावयाची, दवंडीला वाजवावयाची, आणि मोबदला म्हणून उरलेले अन्न पदरात घ्यावयाचे, हे त्यांनी नाकारले. नातवाने ती हलगी खाली उतरविली, तिचे चार-दोन आघात मोबाईलवर मुद्रित केले आणि यंत्रात घालून त्यांचा नवा ताल बांधला. तेव्हा आजोबा म्हणाले, "जे आम्ही टाकलं ते तू उचलतोस होय रे ?"

ह्या प्रश्नाची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती हलगी टाकण्यासाठी त्या पिढीने बहिष्कार सोसला आहे. तथापि आजोबांनी टाकली ती काय होती, हे नीट पाहिले पाहिजे. त्यांनी नाद टाकला नाही. त्यांनी वेठ टाकली. कोणी, कोणासाठी, केव्हा व कोणत्या मोलाने वाजवावे हे जन्माने ठरत होते, त्या ठरविण्यास त्यांनी नकार दिला. आज नातू तोच नाद स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या विषयासाठी वापरतो. ह्यात गुलामगिरी कोठे आहे ? गुलामगिरी असलीच तर ती हलगीत नाही, त्या कंपनीच्या कागदात आहे.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा आहे. ते म्हणतात, यंत्रावर केलेले ते संगीत कसले ? त्यात रियाज नाही, गुरू नाही, घराणे नाही. ह्यास आमचे उत्तर असे की घराण्याच्या दाराशी ज्यांना शतकानुशतके उभेही केले नाही, त्यांना घराणे नसल्याचा दोष देणे हा न्याय नव्हे. यंत्र विकत घेणाऱ्यास त्याचे आडनाव विचारीत नाही, एवढा गुण त्यात निश्चित आहे. रियाज मात्र तेथेही चुकत नाही. एकेका आघाताची उंची, लांबी व जागा ठरविणे, वीस-वीस थर एकमेकांवर रचून कोणता सूर पुढे व कोणता मागे ठेवावा हे कानाने पारखणे, आणि शेवटी साऱ्या रचनांचा आवाज एका पातळीवर आणणे, हे महिनोन्महिन्यांचे काम आहे.

ह्या महाराष्ट्रातच त्याचे एक थोर उदाहरण घडून गेले आहे. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदात वाजविणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकत्र जोडली : ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 हे खर्जाच्या सुरांचे यंत्र. त्यांवर त्यांनी भैरवी, ललित, भूपाळी, यमन, मालकंस असे दहा राग नृत्याच्या तालावर वाजविले. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ह्या नावाने ती ध्वनिमुद्रिका एचएमव्हीने काढली. ती फारशी खपली नाही, आणि लोक तिला विसरले. पुढे 2002 साली एदो बौमन ह्या डच संग्राहकास तिची एक जुनी प्रत दिल्लीत सापडली. त्याने तिच्या कर्त्याचा शोध घेतला, आणि 2010 साली ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा पाश्चात्त्य जाणकार चकित झाले. कारण अमेरिकेत 'ॲसिड हाऊस' म्हणून जे संगीत 1987 साली जन्मास आले असे ते मानीत, त्याच्याशी मिळताजुळता आवाज मुंबईत पाच वर्षे आधीच उमटला होता. उतारवयात चरणजित सिंगांना परदेशी रंगमंच मिळाला. 2015 साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

ह्या हकिगतीतून काय घ्यावयाचे ? हा माणूस पुन्हा सापडला तो एकाच कारणाने : मुद्रिकेच्या वेष्टनावर त्याचे नाव छापलेले होते. नाव नसते तर वीस वर्षांनी कोणी कोणास शोधले असते ?

अमेरिकेची गोष्टही आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. टीबी-303 हे यंत्र बाजारात पडले होते. रोलँडने त्याचे उत्पादन काही वर्षांतच बंद केले. ते टाकलेले यंत्र शिकागोतील तीन कृष्णवर्णीय तरुणांनी हाती घेतले. 'फ्यूचर' हे त्यांच्या संघाचे नाव. यंत्राच्या कळा त्याच्या निर्मात्यांनी कल्पिल्या नव्हत्या अशा तऱ्हेने फिरवून त्यांनी नवा आवाज काढला, आणि 1987 साली 'ॲसिड ट्रॅक्स' ह्या नावाने तो प्रसिद्ध झाला. डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स आदी कृष्णवर्णीय तरुणांनीच टेक्नो संगीताचा पाया घातला. आज जगभर त्या संगीतावर कोट्यवधींचा व्यापार चालतो, आणि त्यात नाचणाऱ्या कित्येकांस त्याचे जनक कोण हे सांगता येत नाही. ज्यांनी निर्माण केले त्यांचे नाव पुसले जाणे, हा दलितांचा व कृष्णवर्णीयांचा समान अनुभव आहे.

आमच्या जलसाकारांना व शाहिरांना ह्याची जाण होती. वामनदादा कर्डक व त्यांच्या जातकुळीचे कवी गीताच्या अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. ही केवळ रूढी नव्हती. तो त्यांचा मालकीहक्काचा दाखला होता. कागद नव्हता, नोंदणी नव्हती, पण गाणे गाणाऱ्यास कवीचे नाव घेतल्याखेरीज गाणे पुरे करता येत नव्हते. इलेक्ट्रॉनिक संगीतात शब्द नाहीत, म्हणून कडवेही नाही. तेथे नाव गुंफावयाचे तर ते करारातच गुंफले पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची मूळ व्याख्या अशी होती की जी रचना छापलेली वा लिपीत उतरविलेली असेल तीच संगीतकृती. ज्यांना अक्षरच नाकारले होते त्यांची चाल, ती लिहिलेली नाही एवढ्यासाठी, ह्या व्याख्येबाहेर राहिली. 1994 च्या दुरुस्तीने ही अट काढली. पुढे 2012 च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले : रचनाकाराने हक्क विकले तरी त्याच्या कृतीच्या वापरातून येणाऱ्या मानधनातील निम्मा वाटा त्याला सोडून देता येत नाही, तो केवळ वारसांना वा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. त्याविरुद्ध केलेला करार त्या अंशी व्यर्थ होय. तसेच कलम 57 अन्वये कृती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क मालकी विकल्यानंतरही राहतो.

परंतु एवढ्यावर निर्धास्त होता येणार नाही. चाल वेगळी आणि तिचे ध्वनिमुद्रण वेगळे. ध्वनिमुद्रणाचा मालक कायद्याने त्याचा निर्माता असतो. आमच्या तरुणाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या यंत्रावर मुद्रण केले असल्याने तो आज रचनाकारही आहे आणि निर्माताही आहे. त्या कागदावर सही करताच तो ही दुसरी मालकी गमावील, आणि ती प्रकाशनानंतर साठ वर्षे चालणारी आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरतो. म्हणूनच धूर्त कंपन्या "कायमचे" आणि "सर्व जगभर" हे शब्द घालण्यास विसरत नाहीत.

तेव्हा आमचा सल्ला स्पष्ट आहे. ह्या कागदावर सही करू नये. करार करावयाचा तर मुदतीचा करावा, मोबदल्याचा हिस्सा आकड्यात लिहावा, आणि कर्त्याचे नाव प्रत्येक प्रसिद्धीत येईल अशी अट घालावी. कंपनी हे मान्य करीत नसेल तर अल्बम स्वतः प्रसिद्ध करावा. आज वितरकामार्फत तो थेट श्रोत्यांपर्यंत पोहोचविता येतो, आणि प्रत्येक मुद्रणास आयएसआरसी हा बारा अक्षरांकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो. श्रोते सुरुवातीस थोडे असतील, पैसा त्याहून थोडा येईल, हे आम्ही लपवीत नाही. काही हजार रुपये हातात येणे ही गोदामात राबणाऱ्यास लहान गोष्ट नव्हे. पण हीच निकड ओळखून तो कागद त्याच्यापुढे ठेवलेला आहे.

शेवटी एक शब्द आमच्या स्वतःच्या लोकांस. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत भिंतीएवढे कर्णे लावून आम्ही याच यंत्रांचा आवाज करतो. इतरांच्या उत्सवांत तो चालतो आणि आमच्याच मिरवणुकीवर नाके मुरडली जातात, हा पक्षपात आम्ही जाणतो. तरीही छातीत धडधड उठविणारा आवाज आणि ऐकावयाचे संगीत ह्यांत भेद आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली ती आजारी माणसासाठी व अभ्यास करणाऱ्या मुलासाठी आहे, आणि ती मुले आमचीच आहेत. कर्ण्यांच्या एका रात्रीच्या भाड्यासाठी आम्ही वर्गणी काढतो. आमच्याच मुलाच्या अल्बमसाठी काढतो काय? तेवढ्या पैशात एका चांगल्या ध्वनिग्राहकाची व वकिलाच्या सल्ल्याची सोय सहज होईल.

हे लिहीपर्यंत त्या तरुणाने सही केलेली नाही. आजोबांनी ती हलगीची रचना कानाला यंत्र लावून दोनदा ऐकली. त्यांचे समाधान झाले किंवा नाही, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "ह्यावर नाव कोणाचं येणार ?" आम्हांस वाटते, साऱ्या प्रकरणातील योग्य प्रश्न तोच आहे.