राक्षसालाही बालपण असावे

‘एका काल्पनिक प्राण्याचे चरित्र’ या विषयावर वर्गात निबंध लिहावयाचा होता. आम्ही चौघांनी मिळून एक महाकाय भूखेकडा निर्माण केला. त्याची पाठ बैलगाडीएवढी, नांग्या कोयत्यासारख्या. रात्री तो गावात शिरे आणि गुरे ओढून नेई. निबंध वाचून गुरुजींनी एवढेच विचारले, “हा जन्मला कोठे? लहानपणी कसा जगला?” आम्ही निरुत्तर झालो. आमच्या राक्षसाला नांग्या होत्या, बालपण नव्हते.

कल्पनेला असली बंधने कशाला, असे कोणी म्हणेल. एच्. जी. वेल्स यांच्या १८९५ सालच्या ‘द टाइम मशीन’ या कादंबरीतही प्रचंड खेकडे क्षणभर दिसतात व भय उत्पन्न करतात. त्यांचे बालपण कोणी विचारीत नाही. हे खरे. परंतु ज्याला प्राण्याचे चरित्र लिहावयाचे आहे, त्याने त्याचे सारे आयुष्य डोळ्यांसमोर आणलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

हे मत आम्हांस एका खऱ्या खेकड्याने शिकविले. अंदमान-निकोबार बेटांपासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत आढळणारा नारळ-खेकडा हा भूमीवरील खेकड्यांचा राजाच होय. त्याचे वजन ४ किलोपर्यंत भरते आणि पाय पसरले म्हणजे तो सुमारे १ मीटर जागा व्यापतो. तो माडावर चढतो, नांग्यांनी नारळ फोडतो. पण याचे बालपण पाहा! मादी अंडी पोटाखाली वाहते आणि किनाऱ्यावर येऊन समुद्रात सोडते. त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव काही आठवडे पाण्यावर तरंगतात. त्यांतून वाचलेले पिल्लू एखादा रिकामा शंख शोधते, आपले मऊ पोट त्यात लपविते आणि ते घर पाठीवर घेऊन जमिनीवर येते. अंग वाढले की मोठा शंख पाहावा लागतो. पुढे पोटावरील कवच कठीण झाले म्हणजे शंखाची गरज संपते. मग समुद्राशी नाते इतके तुटते की, तोच खेकडा पाण्यात सापडला तर बुडून मरतो!

लिनीयस या शास्त्रज्ञाने १७६७ साली त्यास ‘लुटारू’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. पण लूट झाली ती कोणाची? तो प्रौढ होण्यास काही वर्षे लागतात. मांसासाठी माणूस त्याला क्षणात पकडतो. अनेक बेटांवर त्याची संख्या यामुळेच घटली. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास अभय दिले आहे. ज्याचे बालपण ठाऊक नाही त्याला राक्षस ठरविणे सोपे असते. आणि एकदा राक्षस ठरविला की त्याला मारताना हात कचरत नाही.

आम्ही निबंध पुन्हा लिहिला. आमचा महाकाय खेकडा आजही रात्री गावात शिरतो. पण ती आता एक माता आहे. अंडी सोडावयास समुद्राकडे जाण्याची तिची वाट गावातून आहे. गावकरी गुरे आत बांधतात, दारे लोटून घेतात आणि तिला वाट देतात.