साखर, स्टेरॉईड आणि काळी बुरशी

पावसाळ्यात पावाची लादी दोन-तीन दिवस डब्यात राहिली की तिच्यावर राखाडी-काळी लव उगवते. आपण ती फेकून देतो आणि विसरून जातो. २०२१ च्या उन्हाळ्यात ज्या काळ्या बुरशीने घराघरांत धास्ती भरवली, ती याच कुळातली. डॉक्टर त्या आजाराला म्युकरमायकोसिस म्हणतात. तिचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजलेल्या पालापाचोळ्यात, घरातल्या धुळीत असतात. आपण सगळेच ते श्वासाबरोबर आत घेतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा बंदोबस्त करतात. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे रुग्णाची ताटवाटी वेगळी करण्याचे, त्याच्या खोलीत जायला घाबरण्याचे काहीच कारण नव्हते, तरी अनेक घरांत तसे झाले.

बुरशी नेहमीच आसपास होती. मग त्याच वर्षी एवढे रुग्ण का? २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितले आणि जूनअखेर देशातील नोंद ४० हजारांच्या वर गेली. महाराष्ट्र आणि गुजरात त्यात सर्वांत पुढे होते. बहुतेक रुग्णांत दोन गोष्टी सापडत होत्या: वाढलेली साखर आणि स्टेरॉईड.

स्टेरॉईडला आम्ही दोष देत नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी या मोठ्या चाचणीने दाखवले की, ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्वस्त गोळीने वाचतात. मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. पण आपल्याकडे औषधाच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलवरून एका घरातून दुसऱ्या घरात गेला. चाचांना जे दिले तेच मामूंनी मेडिकलमधून आणले, ताप पहिल्या दिवसाचा असतानाही. स्टेरॉईड पांढऱ्या पेशींना थोपवून धरते आणि साखरही चढवते. साखर फार चढून रक्त आम्लधर्मी झाले की रक्तातले लोह मोकळे होते आणि या बुरशीला तेच हवे असते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. सकाळी स्टेरॉईडची गोळी घेणाऱ्याची साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी चढते, पहाटे पुन्हा उतरलेली असू शकते. उपाशीपोटीची तपासणी व्यवस्थित आली म्हणून घरचे निर्धास्त होतात. स्टेरॉईड चालू असेल तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनीही साखर पाहावी. अम्मी-अब्बांना आधी मधुमेह नसला तरीही.

कोविड ओसरला, पण दमा, संधिवात, त्वचारोग, किडनीचे आजार यांसाठी स्टेरॉईड चालूच आहे. अनेकदा रुग्णाला ते ठाऊकही नसते. सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या नाव नसलेल्या पुड्या दोन दिवसांत चमत्कार करतात तेव्हा शंका घ्या. अशा काही पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले तपासणीत आढळले आहे. मात्र कित्येक आठवडे चाललेले स्टेरॉईड एका दिवसात बंद करू नका. शरीराने स्वतःचे स्टेरॉईड बनवणे कमी केलेले असते, एकदम थांबवले तर रक्तदाब कोसळू शकतो. मात्रा हळूहळू उतरवायची असते आणि ते काम डॉक्टरांचे. रमजानमध्ये रोजे ठेवायचे असतील तर गोळी आणि इन्सुलिनच्या वेळा आधीच विचारून घ्या, पहिल्या सहरीच्या वेळी नव्हे.

दम्याच्या पंपाची भीती मात्र बाळगू नये. त्यातली मात्रा फार कमी असते. पंपानंतर चूळ भरली नाही तर जिभेवर, गालाच्या आत पांढरा थर येतो, तीही बुरशीच, पण वेगळी आणि औषधाने बरी होणारी. कांद्याच्या सालीवरची काळी पूडही वेगळीच बुरशी आहे. तिच्यामुळे म्युकर होतो ही त्या काळातली अफवा. साल काढून कांदा धुऊन घेतला की झाले.

म्युकरची सुरुवात नाकात होते. एकाच बाजूचे नाक चोंदते, त्यातून रक्तमिश्रित किंवा काळपट स्राव येतो, गाल दुखतो किंवा बधिर होतो, वरचे दात हलू लागतात. पुढे डोळा सुजतो, एकाचे दोन दिसतात, टाळूवर काळा डाग येतो. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते आणि रक्त न मिळाल्याने मांस मरून काळे पडते, नाव त्यावरूनच पडले. मधुमेह असलेल्याला, केमोथेरपी चालू असलेल्याला किंवा किडनी बदललेल्याला यातले एक जरी लक्षण दिसले तर वाफ आणि घरगुती काढ्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्या. सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो आणि सोबत अँफोटेरिसिन हे इंजेक्शन लागते. त्याचा लायपोसोमल प्रकार ६० किलोच्या माणसाला रोज साधारण ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या लागतो, तोही कित्येक दिवस. २०२१ मध्ये नातेवाईक चिठ्ठी घेऊन शहरभर का फिरत होते ते यावरून कळेल.

त्या लाटेतून वाचलेल्या अनेकांचा वरचा जबडा किंवा टाळू काढावी लागली. घास नाकात जातो, बोलणे गेंगाणे होते, म्हणून काही जण दस्तरखानवर सर्वांसोबत बसणेच टाळतात. अशांसाठी दंतवैद्यक महाविद्यालयांतील कृत्रिम दात विभागात टाळूचे भोक बंद करणारी, दातांसह पट्टी बनवून मिळते. ती बसली की पाणी पिता येते, आवाज बराच सुधारतो. रात्री ती काढून, मऊ ब्रशने धुऊन पाण्यात ठेवायची, आणि जबडा आक्रसला की पुन्हा बेतून घ्यायची.