दाराजवळची खुर्ची

लग्नसमारंभात, कीर्तनात किंवा नाट्यगृहात काही वयस्क स्त्रिया नेहमी दाराजवळची जागा धरतात, हे आपण पाहिले असेल. स्वच्छतागृह कोठे आहे ते त्या आल्याआल्याच विचारून घेतात. चहा नाकारतात, पाण्याचा पेला नुसता ओठांना लावून खाली ठेवतात आणि पहिली पंगत उठताच निरोप घेतात. घरच्यांना वाटते, आईला हल्ली गर्दी सोसत नाही. हळूहळू गावचा प्रवास सुटतो, मग भजनी मंडळ सुटते, शेवटी सकाळचे फिरणेही थांबते. या साऱ्याचे कारण पुष्कळदा गुडघ्यांत नसते. खोकला, शिंक वा हसू आले की लघवीचे काही थेंब सुटतात. किंवा कळ आल्यावर मोरीपर्यंत पोचेतो धीर राहत नाही. कारण एवढेच, पण ते मुलीलाही सांगितलेले नसते.

वाचक भगिनींनो, मधुमेहाविषयी आपण चारचौघींत बोलतो, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे परस्परांना विचारतो. या त्रासाविषयी मात्र मौन पाळतो. 'वय झाले, चालायचेच' असे स्वतःला समजावतो. हा त्रास उतारवयात पुष्कळजणींना होतो, हे खरे. परंतु तो सोसलाच पाहिजे असे मुळीच नाही. सत्तरीनंतर उपाय सुरू केलेल्या स्त्रियांनाही त्याचा चांगला लाभ होतो.

प्रथम हे घडते कसे, ते पाहू. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारा स्नायूंचा एक झोळीसारखा पट्टा असतो. तो पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेला असतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा. त्यामुळे तो बंद ठेवण्याचे बरेचसे काम या पट्ट्यालाच करावे लागते. बाळंतपणांत तो ताणला जातो. वर्षानुवर्षे उचललेले पाण्याचे हंडे, जुनाट खोकला, शौचाच्या वेळी कुंथण्याची सवय आणि वाढलेले वजन यांचा भार त्याच्यावरच पडतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि मूत्रमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते. तरुणपणी भरून निघालेली झीज साठीनंतर उघडी पडते, ती अशी.

त्रासाचे प्रकार मुख्यत्वे दोन. पोटावर दाब येताच थेंब सुटणे हा एक. अकस्मात तीव्र कळ येऊन आवरता न येणे हा दुसरा. अनेकींना दोन्ही एकत्र असतात. आपला त्रास कोणता, हे ओळखणे आवश्यक आहे, कारण उपायांचा भर त्यावर ठरतो.

बहुतेकजणी स्वतःहून जो पहिला उपाय करतात, तो नेमका चुकीचा असतो. त्या पाणी तोडतात. पाणी कमी झाले की लघवी गडद व दाहक होते, मूत्राशय अधिकच चिडते, मलावरोध होतो आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल, तर दिवसभरात सहा ते आठ पेले पाणी घ्यावेच. ते सकाळपासून थोडेथोडे प्यावे आणि झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत आवरते घ्यावे. चहा-कॉफीने कळ वाढते, असा अनुभव असेल तर एखादा कप कमी करून पाहावा. अर्थात, प्रवासात पाणी टाळणाऱ्या स्त्रीला मी पूर्ण दोष देणार नाही. स्वच्छ व विनामूल्य मुतारीसाठी मुंबईत स्त्रियांना 'राइट टू पी' या नावाने मोहीम चालवावी लागली, एस. टी. स्थानकांवर काय दिसते, ते आपण सर्वजणी जाणतोच.

खरा आधार आहे तो त्या स्नायूंच्या व्यायामाचा. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली तो प्रसिद्ध केला, आणि आजही उपचाराचा आरंभ त्यानेच होतो. योगाभ्यासातील मूलबंध ज्यांना परिचित आहे, त्यांना तो नवा वाटणार नाही. स्नायू ओळखण्याची खूण अशी : चारचौघांत वायू सरू पाहत आहे आणि आपण तो रोखत आहोत, अशी कल्पना करावी. त्या वेळी आत व वर ओढले जाते, तेच हे स्नायू. पोट, मांड्या आणि नितंब सैल राहिले पाहिजेत. श्वास रोखू नये. आवळून पाच अंक मोजावेत, पूर्ण सैल सोडून पुन्हा पाच मोजावेत. असे आठ-दहा वेळा. त्यानंतर चटकन आवळणे व चटकन सोडणे, हेही आठ-दहा वेळा. सुरुवातीस अंथरुणावर पडून करावे, सवय झाल्यावर बसून किंवा भाजी निवडतानाही करता येते. दिवसातून तीनदा. जमेल तसतसे पाचाचे दहा अंक करावेत. लघवी करताना मध्येच धार तोडून हा सराव मात्र करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही.

फळ दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. अनेकजणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात आणि 'व्यायामाचा उपयोग नाही' असे ठरवतात. नेमके आवळता येते आहे की नाही, याची शंका असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञ वा फिजिओथेरपिस्ट यांना विचारावे. चुकून खाली जोर देणाऱ्या स्त्रियाही थोड्या नसतात. आणखी एक युक्ती : शिंक येण्याच्या क्षणी, किंवा बादली उचलण्यापूर्वी, आधी स्नायू आवळून घ्यावेत.

ज्यांना अकस्मात कळ येते, त्यांनी धावू नये. जागीच उभे राहून वा बसून पाच-सहा वेळा स्नायू आवळावेत, कळेची लाट ओसरू द्यावी आणि मग शांतपणे जावे. दर तासाला जावे लागत असेल, तर हे अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यावे. 'असू दे, बाहेर पडण्यापूर्वी एकदा जाऊन येते' ही सवय वारंवार जपली, तर मूत्राशय थोडक्याच भरण्याने कळ देऊ लागते.

आता घरातील सुना, मुली आणि मुलगे यांच्यासाठी. रात्री घाईने उठताना आई पडते आणि खुब्याचे हाड मोडते, तेव्हा त्या पडण्याचे मूळ अनेकदा या कळेत असते. पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा ठेवा, वाटेतील पायपुसणी उचला, कमोडजवळ भिंतीला पकडदांडी बसवा. सायंकाळी पाय सुजत असतील, तर दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून आडवे झाल्याने रात्रीच्या फेऱ्या कमी होऊ शकतात. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असल्यास तिची वेळ डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. ओले अंथरूण पाहून कपाळाला आठ्या घालू नका. आणि प्रौढांचे डायपर हा पहिला उपाय समजू नका. लांबच्या प्रवासात त्याची सोय जरूर होते. पण तपासणीविना ते कायमचे चढवले, तर बरा होण्याजोगा आजार त्याखाली झाकला जातो आणि त्वचा मात्र सोलवटते.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, लघवी तुंबणे किंवा अंग बाहेर येणे यांपैकी काही असेल, तर व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. लघवीची व साखरेची तपासणी प्रथम होते. व्यायामाने पुरेसा गुण न आल्यास कळ शमवणाऱ्या गोळ्या, योनिमार्गात लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम, अंगाला आधार देणारी रिंग आणि काहींसाठी शस्त्रक्रिया, असे मार्ग आहेत. काही गोळ्यांनी वयस्कांत तोंडाला कोरड, मलावरोध किंवा विसराळूपणा वाढतो. तसे झाल्यास लगेच कळवावे. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास मलमापूर्वी ते आवर्जून सांगावे.

जाण्यापूर्वी तीन दिवस एक वही ठेवावी : किती वाजता किती पाणी वा चहा घेतला, किती वेळा जावे लागले, थेंब केव्हा सुटले. डॉक्टरांसमोर शब्द सुचत नसतील, पुरुष डॉक्टरांपुढे संकोच वाटत असेल किंवा सोबत मुलगा बसलेला असेल, तर काही बोलू नये. वही उघडून तेवढी पुढे करावी.